दोनाच्या पुढची

बटण इतकं हलकं होतं की ते तळहातावर आहे की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागत होतं. शर्ट पांढराशुभ्र आणि बटण किंचित पिवळट, दुसऱ्याच कुठल्या तरी शर्टाचं. पण कॉलरीखालचं दुसरं, तिथं कोण बघतंय… शालूबाईंनी सुई दाराच्या उजेडाकडे धरली, दोरा ओवला, आणि ओवता ओवता त्यांच्या मनात आलं की शिवतेजला आज हाच शर्ट कशाला हवा आहे? हा तर पोरगी बघायला जायचा शर्ट. पलूस, फलटण, कुठं कुठं हिंडून, कितीतरी घरांतले कांदेपोहे खाऊन, 'कळवतो' हा एकच शब्द ऐकून परत आलेला. आज तर आटपाडीला जायचं होतं, आत्याकडे. आत्या गोठ्यात घसरून पडली, हात मोडला, तिला बघायला. तिथं या शर्टाचं काय काम?

त्यांनी विचारलं नाही. कारण उत्तर त्यांना कालच मिळालं होतं.

काल दुपारी हरिबा आला होता. गावातली निम्मी लग्नं त्याने जमवलेली, आणि अलीकडे एकही जमत नाही म्हणून तोही चिडका झालेला. सोप्यात बसून शालूबाईंच्या नवऱ्याला, आकारामला म्हणाला, "घरात पोरगी असताना गावोगाव कशाला हिंडतोयस गड्या? सख्ख्या बहिणीची लेक हाय. मामाच्या घरात भाची द्यायची ही काय आज निघालेली रीत हाय व्हय?"

शालूबाई आत पीठ मळत होत्या. हात परातीतच थांबला. आता हे काहीतरी बोलतील… पत्रिका जुळत नाही म्हणतील, पोरगी शिकतेय म्हणतील, काहीही, एक नुसता 'न्हाई' तरी. आकारामने घसा खाकरला आणि तो म्हणाला, "बघू की. एकदा पंचायत समितीचं इलेक्शन होऊ दे."

बघू.

त्या शब्दाला रात्रभर त्यांनी उलटसुलट करून पाहिलं होतं. माणूस थट्टेनेही असं म्हणेल का? की इतक्या वर्षांत ह्यांना खरोखरच विसर पडला… दीपमाला आपली भाची आहे, बहिणीची लेक आहे, हे लोकांना सांगता सांगता त्यांना स्वतःलाच तसं वाटायला लागलं असेल? असेलही. पुरुषाला विसरता येत असेल. त्याच्या अंगावर काही राहत नाही.

"झालं का आई? गाडी काढतो मी," शिवतेज बाहेरून म्हणाला.

दोरा दाताने तोडताना शर्टाचा वास आला, साबणाचा आणि त्याखाली त्याचा, लहानपणापासूनचा.

•

ऊस मागे पडत गेला. विटा ओलांडल्यावर रानं मोकळी झाली, बाभळी दिसू लागल्या. शिवतेज गाडी सावकाश चालवत होता. अठ्ठावीस वर्षांचा झाला, सैन्यात जायचं म्हणून पहाटे उठून पळायचा, छातीत दोन बोटं कमी पडला. मग ऊस. ऊस काही वाईट नाही, बारमाही पाणी आहे, घर स्लॅबचं आहे. पण पोरींना नोकरीवाला हवा, आणि मुळात पोरीच… गावात तिशी ओलांडलेली पोरं पारावर बसून मोबाईल बघत असतात. म्हातारी माणसं म्हणतात, काय दिवस आले, पोरी कुठं गेल्या? त्या वयाच्या बायका तेव्हा गप्प बसतात. पोरी कुठं गेल्या ते त्यांना ठाऊक आहे. दोनच हवी, असं सगळीकडून सांगितलं जात होतं, भिंतीवर लिहिलं होतं, आणि दोनांत एक तरी मुलगा हवा, हे कुणी लिहिलं नव्हतं, तरी सगळ्यांनी वाचलं होतं.

भिवघाट जवळ आला तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "आई, मी आज आत्याला विचारणार हाय."

"काय?"

"दीपाचं."

काच थोडी उघडी होती, वाऱ्याने पदर डोक्यावरून खाली आला. तो नीट करण्यात जरा वेळ गेला.

"तिला बहिणीसारखी मान की रं."

"बहिणीसारखी कशी? आत्याची पोरगी हाय ती." तो थोडा हसला. मग हसू गेलं. "लय ठिकाणी जाऊन आलो आई. परक्यांच्या दारात उभं राहायला नको वाटतंय आता. ही तरी आपल्याला वळखती. न्हाई म्हणली तर न्हाई. पर आपल्या माणसानं म्हणलेलं असंल."

त्याला काय सांगायचं? गाडी घाट चढत होती आणि शालूबाईंच्या मनात एक वाक्य उभं राहिलं… सरळ, लहान, सात-आठ शब्दांचं… आणि ते उभं राहिल्याबरोबर त्यांनी ते खाली दाबलं, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तसं.

कायदा तेव्हा नवा होता. दोनाच्या पुढे मूल झालेल्याला पंचायतीला उभं राहता येणार नाही, राहिला तर जागा जाणार. आकारामला सरपंच व्हायचं होतं. त्याच्या वडलांचं ते राहून गेलं होतं, घरात सारखा तोच विषय. आणि नेमके त्याच सुमाराला मला दिवस राहिले. मी सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाटेच्या कडेला बसून चप्पल घालत म्हणाले, "तालुक्याला जाऊन ये. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मी गेले. दवाखान्याच्या जिन्यावर अरुंद बाक होता, त्यावर आम्ही चौघी-पाचजणी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेजारचीने बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "तुमची पण पोरगीच का?" मी म्हणाले, "आमची तिसरी." तिने मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात. आणि मी उठले. का उठले ते मला अजून सांगता येत नाही. मी काही शूर नाही. बाक अरुंद होता, मांडी अवघडली होती… तेवढंच असेल.

मग वन्सं आल्या. आकारामची थोरली बहीण, आटपाडीच्या मळ्यात राहणारी, लग्नाला बारा वर्षं होऊनही कूस न उजवलेली. मी चुलीपुढे होते. त्या शेजारी बसल्या, बराच वेळ लाकडं सारत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दे."

एवढंच. त्यात सगळं बसलं. आकारामचं सरपंचपद, सासूची अब्रू, वन्संची कूस. दोन्ही लेकरांना, पूजा आणि शिवतेजला, माझ्या माहेरी ठेवलं, पोटाचा आजार सांगितला, आणि पोट दिसायच्या आत मी आटपाडीला गेले. मळा वस्तीपासून लांब. माणूस येतंय असं दिसलं की मी आत कणगीच्या मागे, आणि वन्सं दारात, लुगड्याखाली पोटाला धडपं गुंडाळून, कमरेवर हात ठेवून. माझ्याबरोबर त्यांनी चिंचा खाल्ल्या, भाजकी माती खाल्ली. एकदा मला उलटी झाली तर त्यांनाही झाली. दवाखान्यात नाव त्यांचंच लागलं.

•

मळ्यात गाडी वळली तेव्हा दीपमाला डाळिंबाच्या बागेतून पुढे आली. सांगलीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आईचा हात मोडला म्हणून आठवड्याची सुट्टी काढून आलेली. वाकून पाया पडली.

"मामी, दमला असाल. बसा तुम्ही, मी पाणी आणते."

आईला 'तू', मामीला 'तुम्ही'. इतक्या वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. पडायचं कारणही नव्हतं. लहान असताना ती सुट्टीला यायची, शिवतेजबरोबर उसात हुंदडायची, आणि रात्री आठवण आली की उंबऱ्यात बसून रडायची, "मला आईकडं जायचंय." शालूबाई तिला मांडीवर घेऊन थोपटायच्या आणि म्हणायच्या, "जायचं हं. उद्या जायचं आईकडं."

वन्सं खाटेवर बसल्या होत्या, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. केस दीपाने विंचरून दिलेले दिसत होते, घट्ट, चापूनचोपून. शिवतेज पंपाचा स्टार्टर बघायला गेला, दीपा त्याच्या पाठोपाठ चावी घेऊन गेली. दोघांची पाठ दारातून दिसत होती. चालताना डावा खांदा किंचित उतरता… दोघांचाही. आकारामचा. लोक म्हणतात मामावर गेली पोरगी. मामावर जातातच पोरी.

"वन्सं, ह्यो आज विचारणार हाय."

वन्संना काय ते सांगावं लागलं नाही. त्यांनी दाराकडे बघितलं.

"आकाराम काय म्हणतोय?"

"बघू म्हणतोय. इलेक्शन होऊ दे म्हणतोय."

"मुडदा बशिवला त्याचा," वन्सं अगदी सावकाश म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शिवाला सांगून टाक शालू. तुझा पोरगा हाय."

"आन दीपाला?"

चांगल्या हाताने वन्सं गळ्यातल्या झोळीची गाठ चाचपू लागल्या.

"शिवाला सांगितलं की ती पोरीपातुर जाणारच की," शालूबाई म्हणाल्या.

"मग काय करू? मी सांगू? ही माझी पोरगी न्हाई, असं माझ्या तोंडानं म्हणू?" आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मालक गेल्यापास्नं या मळ्यात दुसरं कोण हाय मला? तुला दोन हायत, शालू."

तुला दोन आहेत. खरंच होतं. आणि वन्सं नसत्या तर ही पोरगी त्या जिन्यावरच… हेही खरं. या बाईचं देणं फिटण्यासारखं नाही हे शालूबाईंना माहीत होतं, आणि त्याच बाईचा हेवा वाटल्याशिवाय त्यांचा एक दिवस गेला नव्हता. दोन्ही एकाच जागी राहत होतं, एकमेकाला न बोलता, भांडलेल्या जावांसारखं.

बाराव्या दिवशी मी परत निघाले होते. शेवटचं पाजलं, तर ती पिता पिता झोपली, तोंड उघडं, ओठाला दुधाचा थेंब. वन्संनी उचलून घेतलं आणि पाठ केली. मला बघवणार नाही म्हणून, की त्यांना, कोण जाणे. घरी आले तर आठवड्यात निकाल. गुलाल, हलग्या, ट्रॅक्टरवर आकाराम. मी दारात ओवाळायला उभी राहिले, छातीला आतून गच्च धडपं बांधलेलं, आणि गर्दीत कुणाचं तरी तान्हं रडलं. धडपं, झंपर, पदर, सगळं भिजलं. ताम्हण छातीशी धरून मी तशीच उभी. आकारामने गुलालाचं बोट माझ्या कपाळाला लावलं, सगळे हसले. पुढच्या वर्षी शाळेच्या पटांगणात छोट्या कुटुंबाचा सत्कार झाला तेव्हा मला साडीचोळी मिळाली. ती साडी मी नेसले. चांगली होती.

•

जेवायला दीपाने भाकरी केल्या होत्या. शिवतेज खाली मान घालून जेवत होता. पाणी प्यायला, तांब्या ठेवला आणि म्हणाला, "आत्या, एक विचारायचं होतं."

वन्संनी शालूबाईंकडे बघितलं. ती नजर विनवणीची होती की धमकीची हे कळायला वेळ नव्हता. घाटात दाबलेलं ते वाक्य जिभेपर्यंत आलं… त्याला मी अडवलं नाही. खरंच नाही अडवलं. मी तोंड उघडलं होतं…

"दादा, मला विचार ना," दीपमाला म्हणाली. "बागेत मगाशी तू अर्धवट बोललास. मला कळलं होतं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला आणि खाली बसली.

"रागावू नकोस. मला हे जमणार न्हाई. आम्हाला शिकवतात, मामेभाऊ-आतेबहीण म्हणजे रक्त फार जवळचं. पुढं मुलांना त्रास होतो. मी वॉर्डात बघते अशी मुलं." मग म्हणाली, "आणि खरं सांगू का, मला तू कायम सख्ख्या भावासारखाच वाटलास."

वन्संनी श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला असेल. शिवतेज 'बरं' म्हणाला, परत एकदा 'बरं' म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसला.

सुटलो. सगळे सुटले. वन्सं सुटल्या, आकाराम सुटला, पोरीने स्वतःच्या शिक्षणाने सगळ्यांना सोडवलं. आता शालूबाईंच्याही छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. त्या वाट बघत राहिल्या. ते उतरलं नाही. उलट एखाद्या घरातून सगळी माणसं जत्रेला निघून जावीत आणि आपण आत राहिलोय हे कुणाच्या ध्यानातच येऊ नये, तसं काहीसं झालं. मग त्यांना हळूहळू उमगलं: भिवघाटापासून आपण भीत नव्हतो. आपण वाट बघत होतो. फुटेल, आज फुटेल, आपल्यामुळे नाही तरी पोरामुळे… आणि एकदा तरी ती पोरगी आपल्याकडे वळून बघेल, शिव्या द्यायला का होईना.

निघायच्या आधी दीपा म्हणाली, "मामी, पायावर सूज दिसतेय तुमच्या. बसा जरा." तिने आतून यंत्र आणलं, शालूबाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला, दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगत गेला, हात घट्ट आवळला गेला. तिची बोटं मनगटावर होती, थंड, सराईत. वन्सं खाटेवरून बघत होत्या.

"वाढलंय. घरात कुणाला आहे का बीपी? तुमच्या आईला होतं का?"

"व्हतं. त्यातच गेली."

"मग जपायला हवं. हे रक्तातून येतं."

"तू पण तपासून घेत जा."

दीपा हसली. "मला कशाला? आमच्यात कुणालाच न्हाई." आणि तिने पट्टा सोडवला. हवा निघून जाण्याचा आवाज आला. दंडावर पट्ट्याचा वळ उमटला होता, त्यावर तिने सहज अंगठा फिरवला. "जाईल हं," म्हणाली.

वन्सं तेव्हा भिंतीकडे बघायला लागल्या होत्या.

•

परतीच्या वाटेवर ऊन कलतं झालं होतं. शिवतेजने वरची दोन बटणं काढून टाकली होती आणि एक हात बाहेर टाकून तो गाडी चालवत होता. गाऱ्हाणं घातलं नाही, रडला नाही. त्याचं ते न बोलणं आकारामसारखं होतं आणि नव्हतंही.

विट्याच्या पुढे आकारामचा फोन आला.

"काय झालं गं? हरिबा म्हणतोय शिवा विचारायला गेलाय."

"न्हाई म्हणली पोरगी."

"बरं झालं," आकाराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकं सरळ, मोकळं समाधान होतं की तो विसरलेला नाही हे शालूबाईंना त्याच क्षणी कळलं. तो काही विसरला नव्हता. काल 'बघू' म्हणतानाही नाही. "आता गप बसायचं. फॉर्म भरायचे दिवस हायत. काय?"

त्यांनी फोन बंद केला. उत्तर न देता फोन बंद करण्याची ही पहिलीच वेळ, हे नंतर लक्षात आलं.

"रक्तबिक्त काय न्हाई, आई," शिवतेज एकदम म्हणाला. "शेतकरी म्हणून न्हाई म्हणली. तोंडावर कसं सांगायचं म्हणून पुस्तकातलं सांगितलं. आपल्या माणसानंपण तेच केलं."

"तसं न्हाई रं."

"मग कसं?"

मग कसं. तो उत्तर मागत नव्हता. नुसता म्हणाला होता, वाऱ्यावर. पण या माणसाचं दुखणं एका वाक्याने उतरेल असं ते वाक्य माझ्याकडे आहे. त्याच वाक्याने त्याचा बाप जाईल, आत्या जाईल, ती पोरगी सांगलीच्या खोलीत एकटी बसून विचार करील की आपल्याला कुणी कशाच्या बदल्यात दिलं… आणि आईही जाईल, त्याचीही आणि तिचीही. काय राहील ते दिसत नाही. नाही सांगितलं तर सगळं राहतं. सगळं राहतं आणि हा पोरगा उरलेलं आयुष्य असं मानून चालेल की तो कुणालाच नको आहे.

उसाचे फड सुरू झाले होते. गार वारा आत येत होता.

"गाडी जरा बाजूला घे," शालूबाई म्हणाल्या.

त्याने घेतली. "मळमळतंय व्हय?"

"न्हाई. बस जरा."

त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंच्या उसाची सळसळ होती, बाकी काही नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत होता, काळजीने, लहानपणी आजोळी सोडून जाताना बघायचा तसा. इतकी वर्षं कुणी विचारलं, मुलं किती, की तोंडातून 'दोन' निघायचं, विचार करायच्या आत, झाकलेल्या मुठीसारखं. आत्ता कुणी विचारलं असतं तर त्यांना थांबावं लागलं असतं. ते थांबणं त्यांना जाणवत होतं, आणि त्याची भीती वाटत नव्हती. एकटं मात्र फार वाटत होतं, पूर्वी कधी वाटलं नव्हतं एवढं.

"आई?" शिवतेज म्हणाला.

त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.